कापणीच्या तोंडावर



कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताच्या खिडकीशी बसायला मिळाले, तर अंबरनाथ सोडल्यापासून पुढे एक डोंगररांग तुमच्या सोबतीला येते. आधी मलंगगड, मग टावली, नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, चंदेरीचा तो उभा कातळ, पुढे नाखिंद, पेब आणि शेवटी माथेरानचे पठार. पावसाळ्याचे चार महिने ही रांग ढगांत बसलेली असते. भाद्रपद सरता सरता एके दिवशी सकाळी ती धुऊन पुसून ठेवल्यासारखी समोर दिसते, आणि आपल्याकडच्या माणसाला कोणी पंचांग न दाखवताही कळते की शरद ऋतू आला.

या दिवसांत डोंगराचा रंग रोज बदलतो. वरच्या उतारावर सोनकी पिवळी झालेली असते, बांधावर तेरडा गुलाबी, पडीक जागेत कुर्डूचे पांढरे तुरे. वरकस जमिनीवर खुरासणी फुलली की तो तुकडा दुरून हळद सांडल्यासारखा दिसतो. सकाळी दव इतके पडते की खाचराच्या बांधावरून चालले तर धोतर गुडघ्यापर्यंत भिजावे. दहा वाजले की ऊन चटकू लागते. दुपारी तर वैशाख परवडला, पण हा आश्विन नको असे होते. कवी मंडळी शरदाचे चांदणे पाहतात. आपण खाचरे पाहतो. खाचरात भात पिवळे पडायला लागलेले असते, आणि वर्षभराच्या कष्टाचे काय होणार ते पुढच्या पंधरा-वीस दिवसांत ठरायचे असते.

आता कोणी म्हणेल, साहेब, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही काय शेतीची नावे झाली? मान्य आहे. उल्हासनगर म्हणजे महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी उभारलेले शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याला उल्हास नदीवरून हे नाव दिले. अंबरनाथ म्हटले की शके ९८२ चा शिलालेख असलेले शिलाहारांचे शिवमंदिर, आणि त्याच्या जोडीला काडेपेटीचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत. बदलापूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या ते स्टेशनच्या पुलावर उभे राहून कोणालाही मोजता येईल. पण त्या इमारतींच्या पाठी चिंचवली, भोज, ढोके-दापिवली, मुळगाव, कासगाव, चामटोली ही गावे अजून जागेवर आहेत. तिथे अजून नांगर धरला जातो, लावणी होते, कापणी होते. माझी नोकरीच गावोगाव हिंडण्याची. आज मी लिहितो आहे ते या गावांविषयी.

डोंगराच्या वरचे आणि खालचे दिवस एकमेकांच्या उलट असतात, ही यातली एक गंमत. माथेरानच्या लोकांचा सुगीचा काळ आपली कापणी होता होता सुरू होतो. पावसाळ्यात नेरळहून चढणारी छोटी गाडी बंद असते, वर फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच ती ये-जा करते. पाऊस गेला, रूळ तपासले, दरडी उचलल्या की मग पूर्ण गाडी सुटते. ही गाडी १९०७ पासूनची आहे. २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग इतका उखडला, की नेरळपासूनची पूर्ण गाडी पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. त्या तीन वर्षांत वर घोडेवाले, हमाल, हातरिक्षा ओढणारे आणि चणे-चिक्की विकणारे यांनी काय दिवस काढले असतील ते आपल्याला समजू शकते. कारण त्यांचे आणि आपले दुखणे एकच आहे. दोघांचेही पोट आभाळाच्या मर्जीवर. फरक एवढाच की पाऊस लांबला तर त्यांचे गिऱ्हाईक पंधरा दिवस उशिरा येते. आपले मात्र आलेले पीकच जाते.

पाऊस जाण्याचीही एक रीत आहे. ती समजून घेतली तर पुढचे बोलणे सोपे जाईल. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या येण्याजाण्याच्या तारखा नव्याने ठरवल्या. मुंबई आणि आपल्या भागातून पाऊस निघून जाण्याची सरासरी तारीख त्यांनी ८ ऑक्टोबर धरली आहे. सरासरी म्हणजे काही पावसाने लिहून दिलेला शब्द नव्हे. शिवाय जाता जाता तो वेगळ्या वाटेने येतो. जून-जुलैचा पाऊस समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि दिवस दिवस पडत राहतो. ऑक्टोबरचा पाऊस येतो पूर्वेकडून. दिवसभर जमीन तापते, खालच्या ओलीची वाफ वर चढते, आणि तीन-चार वाजता मुरबाडच्या अंगाला, सिद्धगड-भीमाशंकरच्या डोंगरांवर काळे ढग फुलकोबीसारखे वर वर रचत जातात. वारा पडतो. पाखरे गप्प होतात. पाच वाजता विजा आणि गडगडाटासह तासभर असा कोसळतो की उभे पीक झोपते. सहा वाजता पाहावे तर आभाळ निरभ्र! म्हणून या दिवसांत समुद्राकडे पाहून कापणीचा बेत करू नका. दुपारी तीनला पूर्वेकडे पाहा. आणि ढग असे रचलेले दिसले की विळा खाली ठेवून घरचा रस्ता धरा. आंब्याच्या नाहीतर ताडाच्या आडोशाला थांबू नका, वीज नेमकी उंच झाडावर येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप मुलांच्या मोबाइलमध्ये घालून घ्या. जवळपास वीज पडण्याचा संभव असला तर ते आधी इशारा देते.

आता २०१९ सालाची गोष्ट सांगतो. त्या वर्षाची एक आठवण तुम्हा सर्वांना असेल. २७ जुलैला उल्हास नदीला पूर आला आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीपाशी पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, वरून हेलिकॉप्टर फिरले. आसपासच्या गावकऱ्यांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून मदत केली. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. देशभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या गावांची नावे छापून आली.

त्याच वर्षी, त्याच शिवारात, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जे घडले ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे महाचक्रीवादळ उठले. किनाऱ्यावर ते आले नाही, समुद्रातूनच पश्चिमेला निघून गेले. पण जाताना कोकणपट्टीवर पाऊस टाकून गेले. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. लोकांनी आकाशकंदील प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून टांगले होते. नोव्हेंबर उजाडतो तोच पाठोपाठ ‘महा’ नावाचे दुसरे वादळ आले. भात तर तयार झालेले. काहींचे उभे होते, काहींचे कापून खाचरात पसरलेले. उभे होते ते आडवे झाले. पसरलेले होते ते पाण्यावर तरंगू लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी लोंब्यांना हिरवे कोंब फुटले. भाताच्या लोंबीवर बोटभर कोंब आलेला पाहणे ही शेतकऱ्याला काय गोष्ट आहे, ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. पेंढाही काळा पडला, गुरे तोंड लावीनात.

रेल्वे अडकली तेव्हा होड्या आल्या. भात बुडाले तेव्हा तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याचे कागद घेऊन आले. आणखी काय येणार? पंचनामे झाले. नोव्हेंबरच्या मध्यावर, राज्यात राष्ट्रपती राजवट असताना, राज्यपालांनी मदत जाहीर केली. खरीप पिकाला हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. फळबागेला १८,०००. मिळाले ते काही नसण्यापेक्षा बरेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडे हिशेब हेक्टरात कोण करतो? आपला हिशेब गुंठ्याचा. हेक्टरी आठ हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम ऐंशी रुपये. आणि त्याच गुंठ्याला बदलापुरात बसलेला दलाल काय भाव सांगतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुखण्याची जागा ही आहे. माणूस जमीन विकतो ती चांगल्या वर्षी सहसा विकत नाही. कोंब आलेल्या लोंब्या खळ्यावर पडलेल्या असतात, मुलगा म्हणतो, “बाबा, कशाला हा जीव काढायचा?” आणि नेमका त्याच आठवड्यात दारात कोणीतरी गाडी घेऊन उभा राहतो. मी कोणालाही जमीन विकू नका असे सांगायला जात नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, मुलीचे लग्न आहे, त्याला उपदेश करणारा मी कोण? पण पाऊस पडला म्हणून विकली, असे होऊ नये एवढे मला वाटते. पावसाला काही प्रमाणात चुकवता येते. पूर्ण नाही, पण बरेचसे. ते कसे, ते आता सांगतो.

कासगावच्या बाजूला एक आजी आहेत. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून बांधावर बसून सगळ्यांना कामाला लावतात. त्यांना मी एकदा विचारले, “आजी, कापणी कधी धरायची?” तर म्हणाल्या, “दसरा झाला का इला घ्यायचा. माझ्या सासूनं तेच केलं, मीबी तेच केलं.” आजी खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या सासूच्या काळी ते बरोबरच होते. जुनी गावठी गरवी भाते दिवसाची लांबी ओळखत. पेरणी आठ दिवस मागेपुढे झाली तरी दिवस लहान होऊ लागला की ती निसवत, आणि दरवर्षी साधारण त्याच सुमाराला पिकत. पुढे १९६८ साली जया आली, पाठोपाठ रत्ना आली, मग आपल्या कर्जतच्या संशोधन केंद्राच्या जाती आल्या. ही सुधारित भाते दिवसाच्या लांबीकडे फारसे पाहत नाहीत. ती पेरल्यापासून दिवस मोजतात. कर्जत-३ सारखे हळवे भात ११५ दिवसांच्या आसपास तयार होते. जयासारखे निमगरवे १३० ते १३५ दिवस घेते. १० जूनला पेरले असेल तर हळवे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि निमगरवे २० तारखेच्या पुढेमागे काढणीला आलेच म्हणून समजा.

आणि दसरा? दसरा चंद्रावर चालतो. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! भाताला हे कोणी कळवत नाही. ज्याने २०२३ साली हळवे भात दसऱ्यासाठी थांबवून ठेवले असेल, त्याचे निम्मे दाणे खाचरातच झडले असणार. दसऱ्याला आपट्याची पाने वाटा, दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधा, नवान्न करा. पण कापणीचा दिवस पेरणीच्या तारखेवरून काढा, आणि ती तारीख दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा. मी हे सांगितल्यावर आजी हसल्या. म्हणाल्या, “मंग लिव तूच.” लिहून आलो.

दिवस मोजले तरी शेवटचा कौल दाण्याचा घ्यायचा. शंभरातले नव्वद दाणे पिवळे झाले, तळाचे दहा थोडे हिरवट असले, की कापणी धरावी. दाणा दातांखाली धरून पाहा. चिकट दबला तर दोन दिवस थांबा, कट्कन तुटला तर उशीर नको. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचराचे पाणी तोडून जमीन घट्ट करून घ्यावी. पण मुख्य गोष्ट ही, की रेडिओवर किंवा मोबाइलवर पुढच्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज सांगितला असेल तर पिकलेले भातसुद्धा कापू नये. उभे भात दोन सरी सोसते. कापून पसरलेले भात एकही सोसत नाही. आपल्याकडे नेमके उलट होते. पाऊस येणार म्हटले की घाईने सगळे कापून टाकतात, आणि उचलायला माणसे नसतात. जेवढे संध्याकाळपर्यंत बांधून खळ्यावर नेता येईल तेवढेच सकाळी कापा. अर्ध्या एकराचे तीन दिवस लागले तरी लागोत.

भारे रचताना खाली लाकडाचे ओंडके किंवा फळ्या टाका, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर ठेवा, वरून ताडपत्री. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट लपेटू नये, आत वाफ धरते. पेंढ्याची उडवी घालण्यात जुनी माणसे कसबी होती. ती विद्या आता दोन-चार जणांपाशीच उरली आहे. मुलांना तिथे उभे करून शिकवा.

माणसे मिळत नाहीत ही तक्रार प्रत्येक गावात आहे, आणि ती खरी आहे. सगळ्यांचे भात एकाच आठवड्यात पिकते, घरातले तरुण सकाळी सहाच्या लोकलने कामाला जातात. यावर एक साधा उपाय असा, की सगळ्या खाचरांत एकच जात लावू नये. वरच्या, लवकर कोरड्या होणाऱ्या खाचरांत हळवे, खालच्या पाणथळ खाचरांत निमगरवे. कापणी दोन हप्त्यांत येते, घरच्या माणसांना पेलते, आणि पावसाने एक हप्ता नेला तरी दुसरा हाती राहतो. हे या वर्षीसाठी नाही, येत्या ज्येष्ठासाठी सांगतो आहे. बियाणे मात्र आत्ताच निवडून ठेवायचे, म्हणून आत्ता सांगितले.

किडीविषयी थोडे. भाताच्या बुडख्याशी तुडतुडे वाढले की खाचरात मधेच गोल गोल चट्टे जळल्यासारखे दिसतात. दाट लावणी, युरियाचा जास्त मारा आणि साचलेले पाणी ही त्याची कारणे. पीक निसवून गेल्यावर औषधापेक्षा पाणी तोडणे कामाचे. दुसरी ती लष्करी अळी. दिवसा बुडख्यात नाहीतर ढेकळांखाली दडते, रात्री वर चढून लोंब्या कुरतडते. सकाळी शेतात पाहावे तर लोंब्यांचा सडा. तयार भात वेळेवर उचलणे हाच तिच्यावरचा खरा इलाज. आणि बेडूक मारू नका. ती अळी बेडूक खातो. पोरे उगीच दगड मारतात, त्यांना हटका.

जिवाच्या बाबतीत दोन गोष्टी. कापणीच्या दिवसांत घोणस आणि फुरसे पेंढ्यात, गवतात, बांधाच्या दगडांत असतात. मूठ घालण्याआधी काठीने हलवा, पायात बूट घाला, काळोखात भारा उचलू नका. चावलाच तर मांत्रिकाकडे एक क्षणही घालवू नये, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. सर्पदंशाची लस तिथे फुकट मिळते. दुसरे, पायाला चीर पडलेली असताना खाचराच्या साचलेल्या पाण्यात उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो साधा ताप समजू नका. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोचा रोग असा येतो. लवकर औषध मिळाले तर माणूस बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत जातो. डॉक्टरांना “मी भाताच्या कामाला होतो” एवढे आवर्जून सांगा. ते त्यांना विचारायला सुचेलच असे नाही.

बाकी गावातल्या गोष्टी चालू असतात. बदलापूर-वांगणीच्या स्टेशनाबाहेर ठाकरणी डोंगरउतारावरची काकडी, भोपळे, अळूच्या जुड्या घेऊन बसतात. ती काकडी हिरवी-पांढरी, जाडजूड, शहरातल्या गिऱ्हाइकाला ओबडधोबड वाटते, पण एकदा खाल्ली की माणूस पुन्हा शोधत येतो. भाव करताना जरा सांभाळून करा, ती बाई पहाटे चारला डोंगर उतरून आलेली असते. आश्विन वद्य द्वादशीला वाड्यापाड्यांवर वाघबारस होते. शहरात वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, त्याच दिवशी डोंगरात वाघोबाला नैवेद्य दाखवतात. गाय आणि वाघ दोघांचाही मान एकाच दिवशी, यातला शहाणपणा मला फार आवडतो. नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली कारीट फोडायचे, आणि नव्या भाताचे पोहे. आता पोहे बहुतेक घरांत गिरणीचे असतात. ज्यांच्या घरी अजून उखळ आहे त्यांच्याकडे मी दिवाळीत मुद्दाम डोकावतो, हे माझ्या घरच्यांनाही ठाऊक आहे.

पण याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. वीटभट्ट्यांचे ट्रक येतात. भांडी, कोंबड्या, म्हातारीकोतारी आणि पोरे त्यांत चढतात, आणि झोपड्यांना कुडाचे दार लावून वाडी सहा महिने गप्प होते. पैसे त्यांनी आधीच, पावसाळ्यात घरात दाणा नसताना, उचल म्हणून घेतलेले असतात. ते फेडायला सगळे घर जाते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. कागदावर ती वेठबिगारी नाही, हिशेब आहे. पण हिशेब वहीत लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा. शाळेच्या पटावर त्या पोरांची नावे असतात, बाकावर पोरे नसतात.

आपण शेतकरी यात काही करू शकतो का? थोडेफार करू शकतो. कापणीला माणसे मिळत नाहीत म्हणून आपण रडतो, आणि हीच माणसे कापणी उरकते न उरकते तोच आपल्या डोळ्यांदेखत निघून जातात. कापणी, झोडणी, मग वालाची पेरणी, भाजीची लागवड, बांधबंदिस्ती, अशी कामे जोडून दिली, मजुरी रोख आणि त्याच दिवशी दिली, तर वाडीतली दोन-चार घरे तरी गावात राहतात. भोजच्या बाजूला एका शेतकऱ्याने दोन कातकरी कुटुंबांना आषाढातच भात उसने दिले, पैसे नव्हेत, भात. त्यांनी उचल घेतली नाही. त्या घरांतली मुले त्या वर्षी शाळेत राहिली. शेतकऱ्याची भेंडीही वेळेवर लागली. हा काही धर्मादाय नव्हता, दोघांचाही फायदा होता, आणि म्हणूनच तो टिकेल असे मला वाटते.

भेंडीचे आणि वालाचे नाव निघाले म्हणून सांगतो. भात निघाले की खाचर पुढच्या जूनपर्यंत मोकळे सोडायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. पण भात कापल्यावर आठ दिवस जमिनीत जी ओल असते ती सोन्यासारखी आहे. त्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा, मूग निघतो, एक पाणी न देता. उशीर केला की जमीन भेगाळते आणि मग पहारही जात नाही. नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची जी पद्धत बसवली, ‘एसआरटी’ म्हणतात तिला, तीत गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरट नाही, चिखलणी नाही, भाताची मुळे जमिनीतच राहू द्यायची. तिचा एक फायदा मला आपल्या भागासाठी मोठा वाटतो. भात कापले की त्याच वाफ्यावर लगेच वाल टोकता येतो, जमीन तयार करण्यात ओल वाया जात नाही. सगळ्यांनी सगळे शेत तसे करावे असे मी म्हणत नाही. पाच गुंठ्यांवर करून पाहा. बांधावरच्या शेजाऱ्याला दाखवा. तो हसला तर हसू द्या, माघात वालाच्या शेंगा तोडताना तोच विचारायला येईल.

आणि पाण्याचे काय? पाऊस इतका पडतो की जुलैत गाड्या अडकतात, आणि फेब्रुवारीत याच गावांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. बारवीचे मोठे धरण उशाशी आहे, पण त्याचे पाणी मुख्यतः कारखान्यांना आणि शहरांना जाते. गावाचे पाणी गावाच्या ओहोळात. तो ओहोळ दिवाळीत खळखळत असतो, पौषात बारीक होतो, माघात नुसते दगड दिसतात. त्याला अडवायचे ते आत्ता. मोहन धारिया यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे ते पोत्यांचे बंधारे आपल्या भागाला फार सोईचे आहेत. खर्च जवळजवळ नाही, दोन दिवसांचे श्रमदान पुरते. बांधकाम चालू असलेल्या इमारतींमुळे सिमेंटची रिकामी पोती आपल्याकडे हवी तेवढी मिळतात. शहराचा एवढा तरी उपयोग करून घेऊ या.

जागा निवडताना ओहोळाचे दोन्ही काठ उंच आणि पक्के पाहा, आणि तळाला शक्यतो खडक असावा. पोती तोंडापर्यंत भरू नयेत, पाऊण भरून तोंड सुतळीने शिवावे म्हणजे एकावर एक नीट बसतात. विटांसारखा सांधा मोडून रचावीत, थरांमध्ये चिकणमाती आणि गवत दाबावे. पायथा रुंद, माथा अरुंद. जास्तीचे पाणी वरून वाहून जाईल अशी मधे थोडी खोलगट वाट ठेवावी, नाहीतर एका अवकाळी सरीत सगळा बांध वाहून जातो. काम ऑक्टोबरच्या मध्यापासून ओहोळाला धार आहे तोवर करायचे. धार बारीक झाल्यावर बांधला तर अडवायला पाणीच नसते. आणि पोती आणताना रासायनिक खताची आणू नका, सिमेंटचीच आणा, तीही नीट झटकून आणि धुऊन. खालच्या अंगाला गुरे पाणी पितात.

आपला,
एक कृषी विस्तार अधिकारी